आईच्या नावाने बोललेले नवस

माझ्या भावाला विषमज्वर झाला ते साल बहुधा एक्कावन्न. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. निर्मळच्या बाजूला आमचं गाव, तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवत होते, आणि मला एका जागी बसवत नव्हतं. हे काही मी कौतुकानं सांगत नाही. वर्गात पोरं पाढे म्हणत असली की मी खिडकीपासून फळ्यापर्यंत आणि फळ्यापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारायची. घरी जेवताना ताटावरून दोनदा उठायची. आई म्हणायची, "हिच्या बुडाखाली कोनी निखारा ठेवलाय, देव जाने."

त्या तापाचे एकवीस दिवस मात्र मी बसून काढले. वडील आधीच गेलेले, वाडी चुलते बघायचे, त्यामुळे भावाच्या उशाशी आई आणि मी दोघीच. डॉक्टर वसईहून एक दिवसाआड यायचे, बाटली द्यायचे आणि 'बघू' म्हणून जायचे. आई बघत बसणारी नव्हती. तिनं नवस बोलायला सुरुवात केली. आधी निर्मळच्या देवाला बोलली, मग सोपाऱ्याच्या चक्रेश्वराला, मग तुंगारेश्वराला, जीवदानीला, वज्रेश्वरीला. ताप चढला की नवा देव. नारळ, ओटी, अभिषेक, जे तोंडात येईल ते. आणि या सगळ्यावर तिनं मासे सोडले. मुलगा उठून बसेल आणि सगळे नवस फिटतील तोवर माशाचा तुकडा तोंडात घालणार नाही, असं देव्हाऱ्यासमोर हात जोडून म्हणाली.

आमच्याकडे मासे सोडणं म्हणजे काय ते समुद्रापासून लांब राहणाऱ्यांना सांगून कळायचं नाही. आमचं जेवण म्हणजे भात आणि मासे. भाजी ही सणावाराला किंवा आजाऱ्याला. आईला तर बोंबील नसले तर दिवस उगवल्यासारखा वाटायचा नाही.

भाऊ उठला. महिनाभर भिंतीला धरून चालला, मग काठी धरून, आणि पावसाळ्याआधी मुंबईला एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागलाही. सकाळच्या गाडीनं जायचा, दिवेलागणीला यायचा. आता नवस कोण फेडणार? आई वाडीतल्या रहाटाच्या कट्ट्यावरून पडली होती, तिचा उजवा गुडघा वाकत नव्हता. ज्याच्यासाठी नवस त्यानं स्वतः जायला हवं, पण त्याला रविवार एवढाच मोकळा आणि रविवारी तो झोपायचा. शेवटी आईनंच तोड काढली. भावाचा आजारात अंगावर असलेला सदरा धुऊन माझ्या पिशवीत घातला. देवाच्या पायाला तो लावायचा, नारळ फोडायचा, आईच्या नावानं आणि भावाच्या नावानं नमस्कार करायचा. "तो गेला काय नि त्याचा सदरा गेला काय," ती म्हणाली.

मला हेच हवं होतं. शाळेसाठी म्हणून भावानं बांद्र्याच्या कोणा पारशिणीची जुनी बायकी सायकल मिळवून दिली होती. गावात सायकल चालवणारी बाई मी एकटी. लोक बघत. पण 'नवस फेडायला चालली' म्हटलं की बघणाऱ्यांची तोंडं बंद व्हायची. नवसाला निघालेल्या बाईला कोण अडवणार?

निर्मळ तर चालत जाण्याच्या अंतरावर, ते एका सकाळी उरकलं. सोपाऱ्याला सायकलवर गेले. तिथं चक्रेश्वराच्या तळ्याकाठी नारळ फोडला, सदरा लावला, आणि निघणार तेवढ्यात बाजूला ठेवलेल्या जुन्या मूर्ती दिसल्या. त्यात पुरुषभर उंचीचा एक ब्रह्मदेव होता. त्याच्या कमरेचा पट्टा, गळ्यातल्या माळेचा एकेक मणी कुणी दगडातून असा काढला होता की मी हात लावून बघितला. किती वर्षांपूर्वी कुणी तरी माणूस इथं बसून छिन्नी चालवत होता आणि त्याला कंटाळा आला नव्हता. मला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही आणि या माणसानं एका मण्यावर एक दिवस घातला असेल. मी तिथं दुपारपर्यंत थांबले. घरी येताना सायकल चालवायचं भान नव्हतं, बैलगाडीवर आदळता आदळता वाचले.

तेव्हापासून मला देवांपेक्षा दगडांनी धरलं. तुंगारेश्वराला जंगलातून सायकल ढकलत नेली, ओढे ओलांडताना खांद्यावर घेतली. जीवदानीला डोंगराखाली सायकल एका आजीबाईच्या अंगणात लावून वर चढले. वज्रेश्वरीला विरारहून शिरसाडमार्गे सायकलनंच गेले, गरम पाण्याच्या कुंडाशी पाय सोडून बसले आणि येताना चाक पंक्चर झालं म्हणून सहा मैल चालले. त्या सहा मैलांत मला एकच गोष्ट जाचत होती. पाच नवस संपले होते.

संपले म्हणजे सगळंच संपणार होतं. केळव्याकडून माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. माणसं बरी होती, पण आईनं त्यांना सांगितलं होतं की नवस फिटेपर्यंत आमच्या घरात दुसरं कार्य नको. ते थांबले होते. नवस फिटले की मी लग्न करून केळव्याला जाणार, तिथल्या वाडीत पानवेलींना पाणी घालणार, आणि सायकल कोणा दिराच्या ताब्यात जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि मी अजून काय पाहिलं होतं? शाळेत आलेल्या एका मासिकात अंबरनाथच्या देवळाचं चित्र होतं. ते मी फाडून माझ्या वहीत ठेवलं होतं.

घरी आले, आईच्या हातात वज्रेश्वरीचा अंगारा दिला. आई अंगारा कपाळाला लावत म्हणाली, "झालं गं बाय. सुटली मी."

मी म्हणाले, "अजून अंबरनाथ राहिलाय."

"अंबरनाथ? तो कुठला?"

"कल्याणच्या पुढं. तापाच्या चौदाव्या दिवशी बोलली होतीस. भावाला भ्रम झाला होता बघ, त्या दिवशी."

मी हे इतकं सरळ बोलले की मला स्वतःलाच खरं वाटलं. आईला लिहितावाचता येत नव्हतं, नवसांची यादी माझ्या वहीत होती आणि त्या एकवीस दिवसांची साक्षीदार मी एकटी होते. तिला आठवत नव्हतं, आणि आपल्याला आठवत नाही याची तिला भीती वाटली. तिनं स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या आणि देव्हाऱ्याकडे वळून म्हणाली, "विसरली रे बाबा मी. माफी कर." मग चुलीकडे गेली.

त्या दिवशी घरात सरंगे मासे होते. तिनंच आणले होते आमच्यासाठी, तिनंच कापले, काही तळले, काहींचं कालवण केलं. तिला चव बघता येत नव्हती म्हणून तिनं मला हाक मारली आणि कालवण पळीनं माझ्या तळहातावर घातलं. मीठ बरोबर होतं. मी जेवले. आई वरण आणि कैरीचं लोणचं घेऊन जेवली.

अंबरनाथला दादरला गाडी बदलून गेले. सायकल सामानाच्या डब्यात चढवली, दादरच्या पुलावरून खांद्यावर वाहिली, हमाल हसले. स्टेशनापासून काडेपेटीच्या कारखान्यावरून रस्ता, मग ओढा, आणि ओढ्याकाठी ते देऊळ. भिंतीवर तळहाताएवढी जागा रिकामी नाही. गाभारा पायऱ्या उतरून खाली, अंधारात, आणि वर उघडं आभाळ. मी देवळाभोवती किती फेऱ्या घातल्या ते पुजाऱ्यानं मोजलं असेल, मी नाही. शेवटी तो म्हणाला, "बाई, नवस मोठा दिसतो."

हा माझ्या आयुष्यातला फार सुखाचा दिवस होता. खोटं बोलून मिळालेला होता हे मला पूर्ण माहीत होतं आणि तरीही होता. म्हणून पुढच्या खोट्याला मला वेळ लागला नाही. शिमग्याच्या सुट्टीच्या आधी मी आईला सिन्नर सांगितलं.

सिन्नरला जायला नाशिक रोडपर्यंत आगगाडी, तिथून मोटार, सायकल टपावर. नाशिकला ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण होती, तिच्याकडे राहिले. गोंदेश्वराचं देऊळ माळावर उघड्यावर उभं, मधे मोठं आणि चार कोपऱ्यांत चार लहान. सावलीला बायका विड्या वळत बसल्या होत्या. त्यांनी मला एवढ्या लांबून एकटी का आलीस म्हणून विचारलं, मी नवस म्हणाले, आणि त्यांनी लगेच बाजूला सरकून मला जागा दिली. एकीनं पाठीवर हात फिरवला. "आईसाठी एवढं करणारी पोरगी हवी," ती म्हणाली. मला तिथून उठून पळावंसं वाटलं, पण देऊळ अजून बघायचं होतं, म्हणून थांबले.

भाऊ आता चेष्टा करायला लागला होता. माझा सदरा माझ्यापेक्षा जास्त फिरलाय, म्हणायचा, त्याला रेल्वेचा पास काढून द्या. त्याला शंका होती का, कोण जाणे. त्यानं विचारलं नाही. विचारलं ते अर्नाळ्याच्या मासळीवालीनं. ती रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन आमच्या दारात यायची, आईची आणि तिची वीस वर्षांची ओळख. आईनं मासे सोडल्यापासून ती पाटी उतरवताना आईकडे पाठ करून उतरवायची. एक दिवस मी शाळेला निघाले तर माझ्या सायकलच्या पुढं उभी राहिली.

"मास्तरीन, अजून किती देव राहिले तुझ्या आयशीचे?"

"एक," मी म्हणाले. कारण सिन्नरहून आल्या आल्याच मी देव्हाऱ्यासमोर तिसऱ्याचं नाव घेऊन मोकळी झाले होते. रतनवाडी. भंडारदऱ्याच्या तलावापलीकडे, डोंगरात. मैत्रिणीच्या नवऱ्यानं सांगितलं होतं की तिथलं देऊळ पाहिलं की बाकीची विसरतात.

"मग जा की लवकर. परवा मी बोंबील दाखवले तर आत निघून गेली ती. मी बघितलं, दाराआड उभी राहून वास घेत होती."

मी सायकल काढली आणि निघाले. पण रतनवाडीला मी लगेच गेले नाही, हे इथं लिहून ठेवते. उन्हाळ्याची सुट्टी पूर्ण माझ्या हातात होती. मी आईला ऊन फार आहे म्हणून सांगितलं. खरं कारण हे की रतनवाडी झाली की पुढं काही नव्हतं, आणि काही तरी पुढं असल्याशिवाय मला श्वास घेता येत नव्हता. एक जागा राखून ठेवली की रोज सकाळी उठायला बरं वाटायचं. आई तोवर वरणभात खात होती. मी ते रोज बघत होते आणि रोज माझ्या ताटातला मासा निवडून खात होते.

जेठ लागला तेव्हा एका दुपारी आई सुकेळी वाळत घालत होती. राजेळी केळी सोलून पडवीत पाटावर मांडत होती, गुडघा लांब सोडून. मी तिला मदत करायला बसले आणि सवयीप्रमाणे पाच मिनिटांत उठले. तिनं मान वर न करता विचारलं, "मला आनखी काय काय बोललेलं आठवत नाय, तू सांगशील? कधी कधी वाटतं, आनखी पन असेल. मी मरताना एखादा राहायचा."

मग मला राहवलं नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं. अंबरनाथ तू बोलली नव्हतीस. सिन्नर नाही. रतनवाडी तर नाहीच. मला फिरायचं होतं म्हणून मी तुझ्या नावावर घातले. तुझे पाच वज्रेश्वरीलाच संपले होते. आज संध्याकाळी मासे खा.

आईनं हातातलं केळं सोलून पूर्ण केलं, पाटावर ठेवलं, सरळ केलं.

"अंबरनाथाला नारळ फोडला तो कोनाच्या नावानं?"

"तुझ्या."

"सिन्नरला?"

"तुझ्याच."

"मग मी बोललीच की. देवाला काय सांगू, पोरीनं फसवलं तुला? आनी तो तिसरा, त्याचं नाव तू या देव्हाऱ्यासमोर घेतलंस. मी हात जोडले होते." तिनं दुसरं केळं घेतलं. "आता फेडूनच सुटायचं. जा, उरकून ये."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिच्याशी भांडले. म्हणाले की जे बोललंच नाही ते फेडायचं कशाला, देव काय एवढा अडाणी आहे. ती ऐकत होती आणि केळी मांडत होती. शेवटी म्हणाली, "तुझा आवाज चढलाय. बाजूच्या लोकांना कळायचं," आणि विषय संपला.

दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. मी तरी निघाले. शाळेत रजा टाकली, सायकल घेतली, घोटीला उतरले. भंडारदऱ्याकडची मोटार बंद होती, रस्त्यावर ओढा आला होता. मी सायकलवर चार मैल गेले आणि त्या ओढ्याच्या काठावर उभी राहिले. पलीकडे एक गुराखी हातानं मला मागे जा, मागे जा म्हणून खुणावत होता. घोटीच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट बघताना मी इतक्या येरझारा घातल्या की स्टेशनमास्तरनं कुणी आजारी आहे का म्हणून चौकशी केली. मी हो म्हणाले.

घरी आले तर आई म्हणाली, "पाऊस हाय. देवाला पन ठाव हाय." आणि मग आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. चार महिने मी शाळेतून घरी आणि घरातून शाळेत. पहिल्यांदा मला कुठं तरी जायचं होतं ते तिथं पोचण्यासाठी नव्हे, परत येण्यासाठी. रोज सकाळी मासळीवाली यायची, माझ्याकडे बघायची आणि पाटी उतरवायची. आई आमच्यासाठी रांधायची.

दिवाळीतली भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी मी निघाले. दादरला गाडी बदलून घोटी, तिथून मोटार शेंडीपर्यंत. शेंडीच्या शाळामास्तरांच्या घरी त्यांच्या बायकोनं मला ठेवून घेतलं. सकाळी उजाडताच तलावाच्या काठाकाठानं कच्ची वाट धरली. अर्धी सायकलवर, अर्धी ढकलत. दुपारची मोटार शेंडीहून सुटायच्या आत परत यायचं होतं, ती चुकली की एक दिवस गेला, आणि एक दिवस मला परवडणारा नव्हता. डोंगराखाली भातखाचरं पिवळी झाली होती. देऊळ आलं तेव्हा मी सायकल आडवी टाकली, आत गेले, पायाला पाणी लागलं, सदरा लावला, नारळ फोडला, आईचं नाव घेतलं. दोन मिनिटं झाली असतील, फार तर तीन. बाहेर आले आणि सायकल उचलली. मला आठवतं ते एवढंच की दगड ओला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. मासळीवाली पडवीत बसूनच होती, तिला भावानं सांगितलं असावं. पाटीत वर केळीचं पान आणि खाली बोंबील, सकाळच्या होडीचे, पारदर्शक. आईनं अंगारा लावला, देव्हाऱ्याला नमस्कार केला, आणि स्वतः बसून बोंबील साफ केले. पीठ लावून तळले, थोडे कालवणात टाकले. आम्ही चौघं पडवीत पानं मांडून बसलो, मासळीवालीला पण आईनं बसवून घेतलं.

आईनं बोंबलाचा तुकडा उचलला. तोंडाजवळ नेला, आणि तिथंच थांबली. परत पानात ठेवला. पुन्हा उचलला, या वेळी जिभेवर ठेवला, आणि तोंडाला पदर लावून उठली. पडवीच्या कडेला जाऊन थुंकली. चूळ भरून आली, बसली.

"वास सोसत नाय गं," ती म्हणाली. "सवय गेली माझी."

मासळीवाली म्हणाली की होईल, थोडं थोडं खा, आठवड्यात होईल. ते कधीच झालं नाही. आईनं आपल्या पानातला बोंबील उचलून माझ्या पानात टाकला आणि भातावर वरण ओढून घेतलं. मी ताटावरून उठणार होते, तर तिनं माझा हात धरून मला बसवलं.

माझ्या एवढ्या प्रवासांत आईनं देवळाबद्दल कधी अक्षर विचारलं नव्हतं. अंगारा घ्यायची आणि कामाला लागायची. त्या दिवशी भात कालवत तिनं विचारलं, "तू ज्याच्यासाठी एवढं केलंस, ते देऊळ हाय तरी कसं? सांग मला. नीट सांग."

मी तिच्याकडे बघितलं. मग सांगायला लागले. म्हणाले, डोंगराच्या पायथ्याशी आहे, काळ्या दगडाचं. भिंतीवर वेलबुट्टी, एकेक पान सुटं दिसतं. बाहेर पाण्याचं कुंड आहे, त्याच्या चारी बाजूंना कोनाडे, प्रत्येक कोनाड्यात देव.

"खांब किती?" आईनं विचारलं.

"सोळा," मी म्हणाले. मी मोजले नव्हते. मी त्यातलं काहीच बघितलं नव्हतं. आई मान हलवत होती आणि जेवत होती, म्हणून मी एकेका खांबावर काय काय कोरलंय ते सांगत राहिले.